एक दहा इंची सबवूफर आणि चार जुने अ‍ॅम्प्लिफायर

कळव्यात राहणाऱ्याला 'बास' म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. भाद्रपदात नाक्यावरून मिरवणूक निघाली की होस्टेलच्या खिडक्यांच्या काचा आधी थरथरतात, गाणं कोणतं ते नंतर कळतं. तिसऱ्या वर्षाला असताना अशाच एका संध्याकाळी आमच्या रूमवर ठराव पास झाला: आपणही एक सबवूफर बनवायचा. सभासद चार. सांगलीकर, लातूरकर, एक कल्याणचा लोकल पण घरी न जाणारा, आणि मी.

खोकं बनवणं सोपं गेलं. दहा इंची, चार ओहमचा गाडीतला वूफर सेकंडहॅन्ड ९०० रुपयांना मिळाला. अठरा मिलिमीटरच्या प्लायचं बंद खोकं खारेगावच्या एका सुताराकडून ११०० रुपयांत करून घेतलं. आतलं माप ३५ बाय ३२ बाय २८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३१ लिटर. कोणत्या वूफरला किती लिटर हवा लागते याचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकात ते पुढे नेलं. त्यावर अख्खा लेख होईल, पण तो माझा विषय नाही. माझा विषय त्यानंतरचा आहे: खोकं तयार झालं, आता त्याला वाजवणार कोण?

नवा अ‍ॅम्प्लिफायर परवडणार नव्हता. जुने घ्यायचे ठरवले. एकूण चार घेतले. त्यांतले तीन का फसले हे चौथा का चालला यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

पण आधी वॉटचा घोळ. भंगारातल्या प्रत्येक कॉम्प्युटर स्पीकरवर '१२०० वॉट पीएमपीओ' असलं काहीतरी छापलेलं असतं. या पीएमपीओला एकच अशी कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. खरा आकडा ट्रान्सफॉर्मर सांगतो. बारा व्होल्ट, दोन अँपिअर असेल तर २४ व्हीए झाले. आत चोवीस जात असतील तर बाहेर बाराशे कुठून येतील? अ‍ॅम्प्लिफायर वॉट बनवत नाही, पॉवर सप्लायकडून आलेल्या वॉटला तो फक्त गाण्याप्रमाणे वळण लावतो, आणि त्यातलेही बरेचसे हीटसिंकवर उधळतो. म्हणून जुना अ‍ॅम्प्लिफायर बघताना पुढचं चकचकीत पॅनेल सोडा, उचलून वजन बघा. हलका लागला तर (आणि आत एसएमपीएस नसेल तर) आत काही नाही.

दुसरी गोष्ट, वॉट लागतात तरी किती? आमचा वूफर एक वॉटला एक मीटरवर साधारण ८६ डेसिबल देणारा. वॉट दहापट केले की दहा डेसिबल वाढतात, दुप्पट केले की फक्त तीन. म्हणजे दहा वॉटला ९६, वीसला ९९, चाळीसला १०२. वीसवरून चाळीसवर जायला ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, सगळंच मोठं घ्यावं लागतं आणि कानाला मिळतात तीन डेसिबल, म्हणजे 'थोडंसं वाढलं वाटतं' एवढंच. अगदी खालच्या सुरांना बंद खोक्यात हे आकडे घसरतात हे खरं, पण खोकं रूमच्या कोपऱ्यात ठेवलं की दोन भिंती आणि जमीन मिळून त्यातलं बरंचसं परत देतात. दहा बाय बाराच्या रूमला वीस खरे वॉट पुरतात. हे गणित आम्हाला तेव्हाही येत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण रूमवर त्याचा उपयोग करायचा असतो हे कुठल्याच युनिट टेस्टला विचारलं नव्हतं!

पहिला अ‍ॅम्प्लिफायर: एका मेलेल्या टू-पॉइंट-वन सेटचा बोर्ड, भंगारवाल्याकडून १५० रुपयांना. त्याचा ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी आधीच कुणीतरी काढला होता. बोर्डवर तीन टीडीए २०३० आयसी होते, दोन छोट्या स्पीकरसाठी आणि एक सबसाठी. आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. (कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, शंभर वर्षांनंतरही रेझिस्टर घ्यायला लोक त्याच्याच रस्त्यावर जातात.) कळव्याला फास्ट थांबत नाही, तेव्हा स्लोने ठाणे, तिथून फास्टने दादर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड. येताना १२-०-१२ व्होल्ट, तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर ३५० रुपयांना आणला.

संध्याकाळी छान वाजला. रात्री अकराला 'टप्' असा आवाज आला आणि आयसीच्या मधोमध एक खड्डा दिसला.

कारण दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरने सांगितलं. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले बारा व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे असतात. रिकामा असताना आमचा १३.६ देत होता. एसीचे डीसी होताना त्याला १.४१४ ने गुणायचं, झाले १९.२. डायोडचे साधारण ०.९ वजा केले तरी १८.३ उरतात. साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा आहे अधिक-वजा १८! संध्याकाळी सगळ्या इमारतींत लोड असतो तेव्हा लाइन जरा दबलेली असते, रात्री लोक झोपले की व्होल्टेज चढतं आणि आपला आयसी जातो. ज्या गावाच्या नावाचं ४०० केव्हीचं सबस्टेशन आहे, ज्याच्या पडघा-कळवा लाइन १२ ऑक्टोबर २०२० ला ट्रिप झाल्यावर अख्खी मुंबई अंधारात गेली होती, त्या गावात आम्ही ०.३ व्होल्टवर हरलो.

उपाय सोपा होता. टीडीए २०३०ए नावाचा भाऊ अधिक-वजा २२ व्होल्टपर्यंत चालतो, पाय तेच, जागा तीच. शेवटच्या 'ए'ची किंमत एका आयसीएवढी असते. बदलताना अजून एक लक्षात ठेवा: या आयसीची पाठ आतून वजा सप्लायला जोडलेली असते. हीटसिंक आणि आयसी यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं वॉशर विसरलात तर हीटसिंकच वजा १७ व्होल्टवर बसतो, आणि त्याला ग्राउंडची वायर लागली की पुन्हा 'टप्'.

या बोर्डसाठी आम्ही लो-पास फिल्टरही बनवला, कारण जुना फिल्टर १५० हर्ट्झपर्यंत सगळं सोडत होता आणि सबमधून निवेदकाचा आवाज येत होता. ४५५८ हा दुहेरी ऑप-अ‍ॅम्प घ्या. पहिल्या अर्ध्या भागात डावा आणि उजवा चॅनेल दहा-दहा किलोओहममधून अधिक पायावर आणा, आउटपुट वजा पायाला जोडा, झाला बफर. त्याचं आउटपुट १५ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून, एकापुढे एक, दुसऱ्या भागाच्या अधिक पायावर न्या. त्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. दोन रेझिस्टरच्या मधल्या सांध्यापासून आउटपुटला तसेच दोन कपॅसिटर पॅरललमध्ये, आणि आउटपुट वजा पायाला. बस्स. ७५ हर्ट्झच्या वर दर ऑक्टेव्हला १२ डेसिबल कापतो. सप्लाय ७८१२ आणि ७९१२ मधून द्या, कारण ४५५८ चीही मर्यादा अधिक-वजा १८ च आहे. एकदा हात पोळले होते.

आता खरं तर इथेच थांबायला हवं होतं. टीडीए २०३०ए अधिक-वजा १६ व्होल्टवर चार ओहममध्ये १८ वॉट देतो. वरच्या गणिताने ते पुरेसे होते आणि सबवूफर वाजत होता. पण शेजारच्या विंगमधल्या पोरांनी येऊन "एवढंच?" असं विचारलं, आणि इंजिनिअरिंगची पुढची सगळी वाट त्या एका शब्दाने लावली.

दुसरा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या मामांचा. मामा डोंबिवलीला राहतात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून घेतलेला स्टीरिओ, लाकडी बाजूंचा, २५+२५ वॉट, मागे स्पष्ट लिहिलेलं: ८ ओहम. रविवारी सकाळी त्यावर जुनी गाणी लागायची आणि मामींची कांदेपोह्यांची फोडणी. नवा म्युझिक सिस्टीम आल्यापासून तो कपाटावर होता. "घेऊन जा, पण परत आण हो," एवढंच मामा म्हणाले.

सांगलीकराच्या डोक्यात आलं की दोन्ही चॅनेल ब्रिज करू. वूफरची दोन टोकं दोन चॅनेलच्या लाल टर्मिनलना जोडली आणि आवाज बंद! बरोबरच आहे. दोन्ही चॅनेलना एकच सिग्नल दिला तर दोन्ही टोकं एकत्रच वर जातात, एकत्रच खाली येतात. दोरीची दोन्ही टोकं धरून दोघेजण एकाच दिशेने पळाले तर दोरी ताणली जाईल का? एका चॅनेलचा सिग्नल उलटा करायला हवा. तो आम्ही ४५५८ ने उलटा केला.

मग जे वाजलं ते अवर्णनीय होतं. लातूरकराच्या टेबलावरचा कंपास चालत चालत कडेला गेला आणि पडला. बारा मिनिटं. नंतर एक खरखर, वूफरचा कोन एकदम पुढे येऊन तिथेच थांबला, आणि वार्निश जळल्याचा वास.

झालं काय होतं? ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. चार ओहमचा वूफर म्हणजे प्रत्येक बाजूला दोन ओहम. मूळ रचनेत २५ वॉटसाठी २० व्होल्टच्या शिखराला आठ ओहममधून अडीच अँपिअर जायचे. आता एका बाजूला अधिक २०, दुसऱ्या बाजूला वजा २०, मिळून चाळीस व्होल्ट, चार ओहममधून दहा अँपिअर. चौपट! सप्लाय दबून थोडे कमी झाले असतील, पण त्या २एन ३०५५ ट्रान्झिस्टरचा हीटसिंक अडीच अँपिअरच्या हिशोबाने बसवलेला होता. एक ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट झाला आणि पंचवीस व्होल्ट डीसी थेट वूफरवर आले. कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ३.४ ओहम. पंचवीसचा वर्ग भागिले ३.४, म्हणजे १८४ वॉट. गाण्याचे १८४ वॉट कोन हलवतात, हलताना हवा खेळते आणि कॉइल निवते. डीसीचे १८४ वॉट नुसते तापवतात. वूफरला अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा आवाज सहसा मारत नाही, मेलेला अ‍ॅम्प्लिफायर मारतो.

म्हणून सेकंडहॅन्ड अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडण्याआधी त्याच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावा, डीसी रेंजवर, गाणं न लावता. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्ट असेल तर स्पीकर लांब ठेवा. दुकानात मल्टिमीटर काढला की दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. फार जुन्या सिंगल सप्लायच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो, त्यामुळे ते या बाबतीत निर्धास्त. फक्त त्याची किंमत बघा: चार ओहमला २२०० मायक्रोफॅरड असेल तर १८ हर्ट्झपर्यंत उतरतो, १००० असेल तर ४० हर्ट्झवरच बास गळायला लागतो.

वूफरचा कोन आणि कॉइल बदलून घ्यायला ६०० रुपये गेले. माझा अर्ध्या महिन्याचा नाश्ता म्हणा. मामांना काय सांगायचं हा प्रश्न बाकी होता.

तो प्रश्न सोडवायचा सोडून आम्ही तिसरा अ‍ॅम्प्लिफायर आणला. कल्याणकर म्हणाला, चोर बाजारात मांडववाल्यांचे पी.ए. अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. शुक्रवारी लेक्चर बुडवून गेलो. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्याचा बाजार भरतो. ७०० रुपयांत एक लोखंडी पेटी मिळाली, वजन दहा किलोच्या आसपास. वजनाचा नियम तर पाळला होता!

पण मांडववाल्यांच्या त्या पेटीचं काम वेगळं. लांबवर टांगलेल्या भोंग्यांपर्यंत आवाज पोचवायला तिच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून मागे ४, ८, १६ ओहमबरोबर '१०० व्होल्ट लाइन' असंही टर्मिनल दिसतं. भाषणाला उत्तम. पण वारंवारता कमी होत जाते तसा ट्रान्सफॉर्मरचा गाभा लवकर भरतो, आणि ४० हर्ट्झला त्यातून ४० हर्ट्झऐवजी घरघर बाहेर पडते. सबवूफरला हा प्रकार उपयोगाचा नाही. चार ओहमच्या टर्मिनलवर लावून बघूया म्हणून आम्ही तो चालू केला.

महिना जुलै, व्हरांड्यातून आलेलं पाणी रूममध्ये, लातूरकर अनवाणी. मागचा स्क्रू बघायला त्याने पेटीवर हात ठेवला आणि तो ओरडलाही नाही. हात आखडला, एक विचित्र आवाज निघाला, आणि तो मागे लोखंडी कॉटवर आदळला. कल्याणकराने बोर्डावरचं बटण बंद केलं. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. लातूरकराचा हात कोपरापर्यंत बधिर होता. डॉक्टरकडे नेलं, ईसीजी काढला, ठीक निघाला. त्याच्या घरी आजही हे माहीत नाही, हा लेख तिकडे पोचू नये ही अपेक्षा.

सोमवारी पेटी लॅबमध्ये नेली. लॅबमधल्या काकांनी पिन उघडली. तीन पिनांची वायर होती, पण अर्थची हिरवी तार आतून कापून टेप गुंडाळलेली! आधीच्या मालकाला बहुधा 'हम' येत असावा आणि अर्थ काढल्यावर तो गेला असावा. काकांनी ५०० व्होल्टचा मेगर प्रायमरी आणि पेटीच्या पत्र्यामध्ये लावला. काटा शून्यावर. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं होतं. अर्थ असती तर चालू करताक्षणी फ्यूज उडाला असता आणि आम्ही दुकानदाराला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. अर्थ नव्हती म्हणून पेटी फेजवर बसून राहिली आणि वाट बघत राहिली. आमच्या रूमच्या बोर्डाला आरसीसीबी नव्हता. ३० मिलिअँपिअरचा असता तर त्याने तरी तोडलं असतं.

काका रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी एक लाकडी फळी काढली. तिच्यावर एक बल्बचा होल्डर, एक सॉकेट, १०० वॉटचा पिवळा बल्ब, सगळं सिरीजमध्ये. "कुठलाही जुना डबा पहिल्यांदा यातून लावायचा," म्हणाले. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर डबा ठीक, कपॅसिटर भरून शांत झाले. बल्ब पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण काही जळणार नाही, कारण सगळे व्होल्ट बल्ब खातो. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच हवा. मात्र अर्थची तार सिरीज बोर्डातूनही सरळ सॉकेटपर्यंत गेली पाहिजे, आणि हा बोर्ड शॉक अडवत नाही, त्यामुळे पत्र्याला टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

'हम'साठी अर्थ कापणाऱ्यांसाठी अजून थोडं. हम दोन प्रकारचा असतो. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झचा, तो ऐकू आला तर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत, बदला. ५० हर्ट्झचा जाड हम वायरिंगचा असतो: इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरजवळून गेली आहे, किंवा कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यामुळे दोन अर्थांमध्ये फेरी झाली आहे. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या, इनपुटला शील्ड असलेली वायर वापरा, तरी राहिला तर सिग्नलच्या वाटेवर छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका. या तिन्ही उपायांत हिरव्या तारेला कुणी हात लावत नाही.

मामांचा अ‍ॅम्प्लिफायरही काकांनीच बघितला. दोन २एन ३०५५, एक ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर. सिरीज बल्बवर चालू केला, बल्ब मंद झाला, आउटपुटला २० मिलिव्होल्ट. दिवाळीत तो डोंबिवलीला परत पोचला. मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, झाकण काढून नवे ट्रान्झिस्टर बघितले आणि विचारलं, "मग आता पहिल्यापेक्षा चांगला वाजतो का?" रविवारी पुन्हा लावतात असं मामी सांगत होत्या.

चौथा अ‍ॅम्प्लिफायर गाडीतला, १४०० रुपयांना. होस्टेलच्या रूमसाठी सगळ्यांत शहाणा पर्याय हाच, कारण तुमच्या हाताखाली येतात ते बाराच व्होल्ट. २३० चा कारभार एसएमपीएसच्या बंद डब्यात राहतो. (तो डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर २३० गुणिले १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.) शिवाय ब्रिजची सोय कंपनीने स्वतः केलेली असते, टर्मिनलवर 'ब्रिज' लिहिलेलं आणि किमान चार ओहम असं सांगितलेलं. आपला वूफर चारचा. फक्त ब्रिजमध्ये वूफरची वजा वायर पत्र्याला किंवा ग्राउंडला लावायची नाही, तिथेही जिवंत आउटपुट असतं.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर '१००० वॉट' लिहिलं होतं. आता आम्ही फसणारे नव्हतो. बाजूचा फ्यूज बघितला: १५ अँपिअर. बारा गुणिले पंधरा, १८० वॉट आत. क्लास एबीमध्ये त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त बाहेर, म्हणजे ९० ते १०० वॉट. हजाराचा दहावा हिस्सा, पण खरा. गाडीच्या कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरची पत्रिका अशी फ्यूजवरून काढता येते, मागच्या मालकाने फ्यूज मोठा घातला नसेल तर.

सप्लाय म्हणून जुन्या पीसीचा एसएमपीएस २५० रुपयांना घेतला. लेबलवर बारा व्होल्टला १४ अँपिअर लिहिलेला शोधून. चालू करायला हिरवी वायर काळ्या वायरला जोडायची. (इथली हिरवी ती अर्थ नव्हे, पॉवर-ऑनची.) बारा व्होल्टच्या सगळ्या पिवळ्या वायरी एकत्र, तेवढ्याच काळ्या एकत्र, नाहीतर एकच बारीक वायर तापते. पिवळ्यामधून एक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या 'रिमोट' टर्मिनललाही द्यायची, त्याशिवाय तो जागा होत नाही. जुन्या एसएमपीएसमध्ये लाल पाच व्होल्टवर काहीच भार नसेल तर बारा व्होल्ट ढासळतात, म्हणून तिथे पाच ओहम, दहा वॉटचा रेझिस्टर लावला. तो एक अँपिअर खातो आणि चांगलाच तापतो, प्लायला टेकवू नका. ठोक्याला सप्लाय दबू नये म्हणून १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर एसएमपीएस चालूच होईना, त्याला तो शॉर्ट वाटला. ४७०० वर चालू झाला. गेन पूर्ण फिरवला तर आजही तो मोठ्या ठोक्याला ट्रिप होतो. आम्ही गेन निम्म्यावर खूण करून ठेवला.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लो-पास फिल्टर आयताच होता. आमचा ७५ हर्ट्झचा फिल्टर ड्रॉवरमध्ये गेला. असो.

हिशोब: वूफर ९००, खोकं ११००, अ‍ॅम्प्लिफायर १४००, एसएमपीएस २५०, वायर-फ्यूज वगैरे २००. एकूण ३८५०. शिकवणीची फी वेगळी: भंगार बोर्ड १५०, ट्रान्सफॉर्मर ३५०, कोन-कॉइल ६००, चोर बाजार ७००, आयसी-ट्रान्झिस्टर २५०. म्हणजे २०५०. सगळे मिळून ५९००, चौघांत प्रत्येकी १४७५. आज सुरुवात करायची तर टीपीए ३११६ चा छोटा क्लास डी बोर्ड आणि लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर एवढ्यावरही पहिले वीस-तीस वॉट निघतात, न तापता.

राहता राहिला खालच्या मजल्यावरचा एम-थ्रीची केटी देणारा मुलगा. त्याने तक्रार केली तेव्हा आम्ही मोबाइलवरचं डेसिबल मीटर घेऊन त्याच्या रूममध्ये गेलो. आकडा ४२! पुराव्यासह परत आलो. नंतर कळलं की हा पुरावा खोटा होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल, रुग्णालयाच्या १०० मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर निकाल दिला. पण हे डेसिबल 'ए' वजनाचे, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे सूर कमी धरणारे. ५० हर्ट्झला ते मोजमाप तब्बल ३० डेसिबल वजा करतं. आणि भिंत नेमकी उलटी वागते, वरचे सूर अडवते आणि खालचे जाऊ देते. गाणं आमच्या रूममध्ये राहत होतं, त्याच्या पलंगाला फक्त धक् धक् पोचत होती, आणि मीटर म्हणत होतं ४२. खोक्याखाली फोम ठेवून टेबलांची थरथर कमी झाली, हवेतून जाणारं तसंच राहिलं. साडेनऊला बंद करायचं ठरलं. तो पास झाला, ५२ मार्कांनी.

सबवूफर सध्या कॉमन रूममध्ये आहे. लॅबमधली सिरीज बल्बची फळी हवी असेल तर काकांकडे मागा, वहीत नाव लिहून. बल्ब स्वतःचा न्या, मागच्या महिन्यात कुणीतरी नेलेला अजून आलेला नाही.